न आलेल्या अश्रूंचा इतिहास

कवीला अश्रू हा शब्द फार स्वस्तात मिळतो. मी गेली तीस-एक वर्षं कविता लिहितो आहे. माझी पहिली वही आज उघडली, तर पानागणिक कुणाचे ना कुणाचे डोळे भरून आलेले दिसतात. वय वाढलं तसा तो शब्द मी जपून वापरू लागलो. त्यामागे एक घरगुती कारण आहे. आज मला बोलायचं आहे ते आलेल्या अश्रूंबद्दल नव्हे, तर न आलेल्या अश्रूंबद्दल.

1996 च्या उन्हाळ्यात माझे वडील गेले. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं. अंगणातून जनाजा उचलला तेव्हा घरातल्या बायकांनी एकच आकांत केला. माझी आई, आम्ही तिला अम्मी म्हणायचो, ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. तिचे डोळे लालभडक झाले होते. मधूनच ती पदराच्या टोकानं ते चोळायची, जणू वाऱ्यानं रेती गेली आहे. पण पाण्याचा टिपूस नाही. पुरशाला आलेल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. तिसऱ्या दिवशी माझी फुफी, म्हणजे वडिलांची बहीण, शेजारणीला हळूच म्हणाली, "पत्थर का कलेजा है." हळूच म्हटलेलं वाक्य घरात सगळ्यांत आधी पोचतं. अम्मीपर्यंतही ते पोचलं. ती काही बोलली नाही. इद्दतचे चार महिने दहा दिवस तिनं त्याच ओसरीमागच्या खोलीत काढले. उशाशी पाण्याचा लोटा असायचा. भाकरीचा घास घोटभर पाण्याशिवाय तिच्या घशाखाली उतरत नसे. बोटांचे सांधे सुजायचे. डोळे, तोंड आणि सांधे या तीन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

यात फुफीचा तरी काय दोष? आपली भाषाच तशी आहे. ज्याच्या डोळ्यांत पाणी येतं तो मायाळू, ज्याच्या येत नाही तो दगड. 'डोळ्यांतलं पाणी मेलं' असं आपण निगरगट्ट माणसाबद्दल म्हणतो. भाषेनं डोळ्यातलं पाणी थेट काळजाला जोडून टाकलं आहे. आणि केवळ मराठीनंच नव्हे. युरोपातले मोठमोठे विद्वानही सतराव्या शतकापर्यंत असंच काहीसं मानत होते. मेंदूत वाफ जमते, दुःखानं किंवा आनंदानं ती दाटते आणि डोळ्यांवाटे पाणी होऊन बाहेर पडते, अशी समजूत होती. अश्रू म्हणजे मनातून निघालेला ऐवज. मग जो रडत नाही त्याच्या मनात काही नाही, हा निष्कर्ष ओघानंच आला.

मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेला साधा माणूस आहे. पण अम्मीमुळे हा विषय माझ्या मागे लागला आणि जमेल तसं वाचत गेलो. वाचताना एक गोष्ट जाणवली. कवी आणि शेजारीपाजारी डोळ्यातल्या पाण्यावरून माणसाचं मन जोखत होते, त्या काळातही वैद्य मंडळी डोळ्याकडे डोळा म्हणूनच पाहत होती.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे 76 विकार सांगितले आहेत. त्यांतल्या एकाचं नावच आहे 'शुष्काक्षिपाक'. पापण्या रूक्ष आणि कठीण होतात, डोळे उघडताना त्रास होतो, दिसणं गढूळ होतं, असं त्याचं वर्णन आहे. आजच्या नेत्रतज्ज्ञाकडे अशा तक्रारी घेऊन गेलात, तर तो 'ड्राय आय' असं लिहील. सुश्रुतानं हा वाताचा विकार मानला आणि त्यावर सैंधव, देवदार, सुंठ, तूप यांचं अंजन सांगितलं. डोळ्यांच्या उपचारांत 'तर्पण' नावाचा एक विधीही आहे. डोळ्याभोवती उडदाच्या पिठाची पाळ करायची आणि तिच्यात कोमट तूप भरून डोळा काही वेळ त्यात बुडवून ठेवायचा. हे ऐकून कुणी घरी डोळ्यांत तूप घालू नये. घरचं तूप निर्जंतुक नसतं आणि डोळा ही प्रयोग करून पाहण्याची जागा नव्हे. पण कोरड्या डोळ्याला नुसतं पाणी पुरत नाही, त्याला स्निग्धपणा लागतो, हे त्या वैद्यांच्या ध्यानात आलं होतं. ही खूण मनात ठेवा. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

तिकडे बगदादमध्ये नवव्या शतकात हुनैन इब्न इस्हाक नावाचा ख्रिस्ती वैद्य ग्रीक ग्रंथ अरबीत आणत होता. डोळ्यांवरचे दहा प्रबंध त्याच्या नावावर आहेत. त्याच्यानंतर साधारण इ. स. 1000 च्या सुमाराला त्याच शहरात अली इब्न ईसा झाला. त्यानं डोळ्यांच्या 130 विकारांची माहिती देणारा ग्रंथ लिहिला आणि तो पुढे कित्येक शतकं वापरात राहिला. त्याच्या नावापुढे 'अल-कह्हाल' असं लागतं. कह्हाल म्हणजे डोळ्यांचा वैद्य. मूळ शब्द कुह्ल, म्हणजे डोळ्यांत घालायची बारीक पूड, आपला सुरमा. गंमत अशी, की याच 'अल-कुह्ल'पासून युरोपात 'अल्कोहोल' हा शब्द तयार झाला. आधी बारीक पूड, मग कोणत्याही वस्तूचं सत्त्व, आणि शेवटी दारूचा अर्क. शब्दही कुठून कुठे जातात पाहा!

आता सुरम्याचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबतो. आमच्या घरात पितळेची सुरमादानी होती. वडिलांनी अम्मीला आणून दिलेली. रात्री निजताना डोळ्यांत सुरमा घालणं आमच्यात सुन्नत मानलं जातं. डोळे जळजळायला लागले, की अम्मी सलाई फिरवायची आणि क्षणभर गार वाटतं म्हणायची. पण बाजारात सुरमा म्हणून जे विकलं जातं, त्यात पुष्कळदा गॅलेना असतं. गॅलेना म्हणजे शिशाचं संयुग. वेगवेगळ्या देशांत झालेल्या तपासण्यांत सुरम्यात आणि काजळात शिसं सापडलं आहे. शिसं शरीरात साठत जातं आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला तर ते फारच घातक. शिवाय पूड म्हटली की ती कोरड्या डोळ्यावर घासली जाणारच. सुरम्यामागची श्रद्धा आणि पुडीत विकली जाणारी वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला मला बराच काळ लागला. अम्मीला ते माझ्याआधी समजलं. ते पुढे सांगतो.

डोळ्यातलं पाणी नेमकं येतं कुठून, याचा छडा लागला तो 1662 साली. निकोलस स्टेनो हा डेन्मार्कचा तरुण त्या वेळी हॉलंडमध्ये वैद्यक शिकत होता. वय अवघं चोवीस. त्याआधी मेंढीचं डोकं कापून पाहताना, गालातल्या ग्रंथीतून तोंडात लाळ आणणारी नळी त्याला सापडली होती. ती नळी आजही त्याच्या नावानं ओळखली जाते. मग त्यानं डोळ्याकडे मोर्चा वळवला. डोळ्याच्या वरच्या, बाहेरच्या कोपऱ्यात एक ग्रंथी असते. तिथून बारीक नळ्यांवाटे पाणी डोळ्यावर येतं आणि नाकाकडच्या कोपऱ्यातल्या छिद्रांतून नाकात उतरतं, हे त्यानं दाखवलं. हे पाणी मेंदूतून येत नाही आणि त्याचं रोजचं काम रडणं नव्हे, तर डोळा ओला ठेवणं आहे, हा त्याचा निष्कर्ष. लाळेची वाट आणि अश्रूंची वाट एकाच माणसानं शोधावी, हा इतिहासातला योगायोग मला फार जवळचा वाटतो. माझ्या आईच्या शरीरात याच दोन वाटा एकदम आटल्या होत्या.

स्टेनोनंतर चारच वर्षांनी, 1666 साली, हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्यानं पापण्यांच्या कडांमधल्या ग्रंथींचं बारकाईनं वर्णन केलं. त्या ग्रंथींतून तेलासारखा पदार्थ पाझरतो. म्हणजे डोळ्याला पाणी आणि तेल दोन्ही लागतं. आजचं शास्त्र सांगतं, की बुबुळावर अश्रूंचा एक अतिशय पातळ पडदा असतो. त्यात डोळ्याला चिकटून राहणारा बुळबुळीत द्रव असतो, पाणी असतं आणि सगळ्यांत वर तेलाचा थर असतो. त्या तेलामुळे पाणी लगेच उडून जात नाही. या पडद्याचं तीन थरांचं चित्र यूजीन वुल्फ यांनी 1946 साली मांडलं. खालचे दोन थर एकमेकांत मिसळलेले असतात, असं अलीकडे मानतात. पण वरचं तेल कमी पडलं की डोळा कोरडा होतो, हे आता पक्कं झालं आहे. किंबहुना पुष्कळ रुग्णांत पाणी पुरेसं असतं, गडबड असते ती तेलात. सुश्रुताच्या तुपाची खूण ती हीच.

यातूनच एका कोड्याचाही उलगडा होतो. कित्येक जण डॉक्टरला सांगतात, "माझ्या डोळ्यांतून सारखं पाणी वाहतं," आणि डॉक्टर म्हणतात, "तुमचे डोळे कोरडे आहेत." ऐकणाऱ्याला ही चेष्टा वाटते. पण डोळा ओला ठेवणारं नित्याचं पाणी वेगळं. कांदा कापताना किंवा धूर लागल्यावर भळकन येणारं पाणी वेगळं. भावनेनं येणारं पाणी आणखी वेगळं. नित्याचा ओलावा कमी पडला की डोळा चुरचुरतो, आणि त्या चुरचुरीमुळे दुसरं पाणी वाहू लागतं. पण ते टिकत नाही. वळवाच्या पावसानं नाला भरावा आणि विहिरीचा झरा मात्र आटलेलाच राहावा, तसं ते आहे.

पण हा कोरडेपणा मोजायचा कसा? 1903 साली ऑटो शिर्मर या जर्मन नेत्रतज्ज्ञानं अगदी सोपी युक्ती काढली. टीपकागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटांत ती किती ओली होते ते पाहायचं. दहा-पंधरा मिलिमीटर भिजली तर ठीक, पाचहून कमी भिजली तर डोळा फार कोरडा. शंभराहून अधिक वर्षं झाली, नवनवी यंत्रं आली, तरी ही कागदाची पट्टी अजून टिकून आहे.

काही रुग्णांचं दुखणं मात्र डोळ्यांपुरतं नव्हतं. 1888 साली लंडनच्या हॅडन नावाच्या डॉक्टरनं एका स्त्रीची हकिकत नोंदवली. तिचं तोंड कोरडं पडलं होतं आणि डोळ्यांत अश्रू येत नव्हते. जॅबोरंडी या दक्षिण अमेरिकेतल्या वनस्पतीच्या अर्कानं तिला थोडा आराम पडला. त्याच वनस्पतीतलं पायलोकार्पिन हे द्रव्य आजही तोंडाच्या कोरडेपणावर देतात. पण अशा सुट्या नोंदी एकत्र गुंफल्या त्या हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञानं. 1930 च्या सुमारास त्याच्याकडे एक बाई आली. डोळे कोरडे, तोंड कोरडं आणि सांधे दुखरे. बहुतेक डॉक्टरांनी तीन तक्रारींसाठी तीन ठिकाणी पाठवलं असतं. श्योग्रेननं विचारलं, हे एकच दुखणं तर नसेल? त्यानं अशा रुग्ण शोधायला सुरुवात केली आणि 1933 साली 19 जणींवरचा आपला प्रबंध सादर केला. त्या सगळ्या स्त्रियाच होत्या, बहुतेक उतारवयाकडे झुकलेल्या, आणि पुष्कळ जणींना संधिवात होता.

त्या प्रबंधाचं पुढे काय झालं? त्याला मिळालेली श्रेणी इतकी बेताची होती, की श्योग्रेनला विद्यापीठात शिकवण्याचा अधिकारही मिळाला नाही. तो एका लहान शहरातल्या इस्पितळात काम करू लागला. 1943 साली ब्रूस हॅमिल्टन या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरनं त्या जर्मन प्रबंधाचं इंग्रजी भाषांतर केलं, तेव्हा कुठे जगानं त्याकडे लक्ष दिलं. आज हा विकार श्योग्रेनच्याच नावानं ओळखला जातो. शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून आपल्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर चालून जाते, असं त्याचं स्वरूप आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो कितीतरी अधिक आढळतो. मी भाषेचा माणूस, म्हणून मला त्या भाषांतराचं विशेष वाटतं. एका भाषांतरानं किती बायकांच्या तक्रारींना नाव मिळालं!

डोळा कोरडा पडण्याचं आणखी एक कारण डोळ्यात नव्हतं, पोटात होतं. ते सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. 1863 साली फ्रान्समधल्या बितो या डॉक्टरनं काही मुलांच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग पाहिले. त्या मुलांना रातांधळेपणाही होता. 1904 साली जपानमध्ये मोरी या डॉक्टरनं डोळे कोरडे पडलेल्या मुलांना कॉड माशाच्या यकृताचं तेल देऊन बरं केलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कचं लोणी परदेशी विकलं जात होतं आणि गरिबांच्या मुलांच्या वाट्याला साय काढलेलं दूध आणि मार्गारीन येत होतं. त्या मुलांचे डोळे सुकू लागले, काहींची दृष्टी गेली. पुढे समुद्रावरच्या नाकेबंदीनं निर्यात अडली, लोणी देशातच राहिलं, 1918 साली ते शिध्यावर मिळू लागलं आणि हा विकार जवळपास नाहीसा झाला. कार्ल ब्लोख या बालरोगतज्ज्ञानं हे सारं नोंदवून ठेवलं आहे. उणीव होती ती अ जीवनसत्त्वाची. आपल्या जुन्या वैद्यांनी रातांधळ्याला बकऱ्याचं यकृत खायला सांगितलं होतं, त्यातही हेच जीवनसत्त्व भरपूर असतं.

आपल्या देशात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या कामाच्या आधारावर 1970 साली लहान मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आज गावोगावी आरोग्यसेविका बाळाला चमच्यानं ते पिवळं औषध पाजतात, पहिला डोस नवव्या महिन्यात. इंडोनेशियात काम करणाऱ्या आल्फ्रेड सॉमर यांनी 1983 साली दाखवलं, की ज्या मुलांचे डोळे या उणिवेनं थोडेसेच बिघडले आहेत, त्यांनाही मृत्यूचा धोका इतरांहून जास्त असतो. तेव्हा मुलाला संध्याकाळी दिसेनासं झालं, डोळ्यांवरची चकाकी गेली, तर घरगुती उपाय करत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मोठ्या माणसांच्या कोरड्या डोळ्यांवर उपाय म्हणून कृत्रिम अश्रू आले ते विसाव्या शतकात. पाणी घातलं तर क्षणात ओघळून जातं. म्हणून त्याला थोडा चिकटपणा देणारा पदार्थ हवा होता. 1945 च्या सुमारास अमेरिकेतल्या केनेथ स्वान यांनी मिथाइल सेल्युलोज वापरून पाहिलं आणि तिथून आजच्या थेंबांची वाट सुरू झाली. दुसरा विचार असा झाला, की पाणी वाढवता येत नसेल तर आहे ते अडवावं. नाकाकडच्या कोपऱ्यातल्या छिद्रांना बारीकसं बूच बसवायची पद्धत 1975 साली फ्रीमन यांनी मांडली. दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. पाणी अडवा, पाणी जिरवा हे आम्ही ऐकतच मोठे झालो. इथे जिरवायचं मात्र नाही, नुसतं अडवायचं. 1984 साली रुग्णाच्याच रक्तातल्या द्रवाचे थेंब करून वापरण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. डोळ्याची सूज कमी करणाऱ्या सायक्लोस्पोरिनच्या थेंबांना अमेरिकेत 2002 साली मान्यता मिळाली.

आता आपल्यासारख्यांनी रोज काय करावं? डॉक्टरांकडून ऐकलेलं आणि स्वतः पाळलेलं तेवढंच सांगतो. पहिली गोष्ट, पापणी लवणं. आपण सहज बसलेलो असताना मिनिटाला दहा-पंधरा वेळा पापणी लवते. मोबाईल किंवा संगणक पाहताना ती संख्या निम्म्याहूनही खाली येते, आणि लवली तरी अर्धवट मिटते. म्हणून दर वीस मिनिटांनी पडद्यावरून नजर काढून लांब पाहावं आणि काही वेळा डोळे पूर्ण मिटून उघडावे. पडदा डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा खाली असावा, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर घेऊ नये. दुचाकीवर चष्मा लावावा. धुरापासून आणि सिगरेटपासून लांब राहावं.

पापण्यांच्या कडांतलं तेल साकळलं असेल, तर गरम पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ फडकं मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवावं, मग पापणीच्या कडेवरून हलकेच बोट फिरवावं. कापड सोसवेल इतकंच गरम असावं. गार होईल तसं पुन्हा भिजवावं.

थेंबांची बाटली घेताना एक विचारून घ्यावं. पुष्कळ बाटल्यांत औषध टिकावं म्हणून बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखं द्रव्य असतं. दिवसातून अनेकदा घातलं तर तेच डोळ्याला त्रास देतं. वारंवार थेंब लागत असतील, तर असं द्रव्य नसलेले थेंब मिळतात. लाली घालवणारे थेंब आणि स्टिरॉइडचे थेंब स्वतःच्या मनानं दुकानातून आणू नयेत. स्टिरॉइडनं काचबिंदू होऊ शकतो. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं यांनीही डोळा कोरडा पडतो. ती बंद करायची नसतात, डॉक्टरांच्या कानावर घालायची असतात. माशाच्या तेलाच्या गोळ्यांचा मोठा गाजावाजा झाला. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मात्र त्या गोळ्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. आणि डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं असेल, सांधे दुखत असतील, तर नुसते थेंब घेऊन परत येऊ नये. डॉक्टरला तिन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात.

आम्ही त्या एकत्र सांगितल्या नाहीत. वर्षानुवर्षं डोळ्यांसाठी एकाकडे, दातांसाठी दुसऱ्याकडे, सांध्यांसाठी तिसऱ्याकडे गेलो. वडिलांना जाऊन सात वर्षं झाल्यावर, 2003 साली, एका तरुण डॉक्टर बाईंनी अम्मीच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली. पाच मिनिटांनी काढली. दोन मिलिमीटर. त्यांनी अम्मीच्या हातातला लोटा पाहिला, बोटं पाहिली आणि विचारलं, "आजी, शेवटचं रडू कधी आलं होतं?"

अम्मी बराच वेळ गप्प राहिली. रक्ताच्या तपासण्या झाल्या, आजाराला नाव मिळालं. सुरमा बंद करा, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. घरी आल्यावर अम्मीनं सुरमादानी स्वतः रिकामी केली, घासून-पुसून कपाटात ठेवली. येताना एसटीत खिडकीशी बसलेली असताना ती मला एवढंच म्हणाली होती, "रोना आता था रे, पानी नहीं आता था."

सात वर्षं हे वाक्य तिच्यापाशी होतं. ते ऐकून घ्यायला आमच्यापाशी कान नव्हता. मी कवी म्हणवत होतो आणि माझ्याच घरातलं इतकं सरळ वाक्य मला कागदाच्या एका पट्टीनंतर ऐकू आलं.

मी फुफीला सगळं समजावून सांगितलं. ती आली, अम्मीशेजारी बसली. दोघीही त्या जुन्या बोलण्याबद्दल काही बोलल्या नाहीत. अम्मीच्या बोटांना बाटली दाबता येत नसे. फुफीनं ती घेतली, अम्मीचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या डोळ्यांत एकेक थेंब घातला. पुढे जेव्हा जेव्हा ती आमच्याकडे यायची तेव्हा हे काम तिचंच असे. अम्मी 2014 साली गेली, तोवर.

आता पन्नाशी ओलांडल्यावर माझेही डोळे चुरचुरतात. माझं कारण साधं आहे, वय आणि समोरचा पडदा. रात्री गरम फडकं डोळ्यांवर ठेवून पडतो. श्रोतेहो, तुम्हीही ठेवा. आणि कधी कुणाच्या मयतीला गेलात, तिथे एखादी बाई कोरड्या डोळ्यांनी बसलेली दिसली, तर तिच्या काळजाचा निवाडा करू नका. तिला पाणी हवं का, एवढं विचारा.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)